ऑनसाइट गेला, तिथलाच झाला!

बँड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? लग्नाची वरात, लाल कोटातले वादक आणि ट्रम्पेटच्या पुढ्यात रुमाल तोंडात धरून नाचणारे मामा-काका. पण एखाद्या शहराची म्युनिसिपालिटी नळाचं पाणी आणि कचऱ्याच्या गाड्यांसोबत चक्क बँडही चालवते, असं कुणी सांगितलं तर? होनोलुलूत हे खरंच घडतं. 'रॉयल हवाईयन बँड'चे वादक तिथल्या शहर प्रशासनाचे पगारी कर्मचारी आहेत. १८३६ मध्ये राजाने सुरू केलेल्या या बँडला घडवलं ते मात्र एका जर्मन माणसाने. त्याचं नाव हेन्री बर्गर.

बर्गरची स्टोरी ऐकून आयटीवाल्यांना आपलाच कुणी मित्र आठवेल. हवाईच्या राजाला, पाचव्या कामेहामेहाला, चांगला बँडमास्टर हवा होता. त्याने प्रशियाकडे मागणी केली आणि लष्करी बँडमधला बर्गर जून १८७२ मध्ये होनोलुलूला पोचला. वय २७. असाइनमेंट चार वर्षांची. मधे एकदा तो मायदेशी गेला, पण परत आला आणि १८७९ मध्ये हवाईचा नागरिकच झाला. १९१५ मध्ये रिटायर होईपर्यंत बँडची छडी त्याच्याच हातात होती.

त्याने स्थानिक पोरं हाताशी धरली, त्यात सुधारगृहातली मुलंही होती. त्यांना नोटेशन वाचायला शिकवलं. बंदरात जहाज आलं-गेलं की बँड हजर! युरोपियन मार्च तर वाजायचेच, पण हवाईची पारंपरिक गाणीही बर्गरने स्वरलिपीत उतरवून बँडवर आणली. राजा कालाकौआच्या शब्दांना त्याने चाल दिली आणि 'हवाई पोनोई' हे गीत तयार झालं. आज ते हवाईचं राज्यगीत आहे.

इथवर सगळं गोड. खरी परीक्षा आली १८९३ मध्ये. जानेवारीत राणी लिलीउओकलानीला पदच्युत करून गोऱ्या व्यापारी-बागायतदारांच्या गटाने सत्ता हातात घेतली. नव्या सरकारने बँडवाल्यांपुढे कागद ठेवला. आमच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्या, सही करा, नाहीतर नोकरी गेली समजा. आता सांगा, घरी बायको-पोरं आहेत आणि दुसरी नोकरी समोर नाही. तुम्ही काय केलं असतं?

बहुतेक हवाईयन वादकांनी सही केली नाही! 'मग दगड खाऊन जगा', असं त्यांना सुनावलं गेलं म्हणतात. ते थेट एलन राइट प्रेंडरगास्ट या कवयित्रीकडे गेले. आमच्यासाठी गाणं लिहा, म्हणाले. त्यातून 'काउलाना ना पुआ' जन्माला आलं. 'दगड खाण्याचं गाणं' हे त्याचं दुसरं नाव! या मंडळींनी स्वतःचा 'हवाईयन नॅशनल बँड' काढला, अमेरिकेचा दौराही केला.

आणि बर्गर? तो सरकारी नोकरीतच राहिला. नवे वादक जमवले आणि बँड पुन्हा उभा केला. इथे आपल्याला थोडं खटकतं. ज्यांना त्याने सूर शिकवले, ती पोरं ताठ उभी राहिली आणि गुरू मात्र खुर्चीला चिकटला, असं म्हणता येईल. पण दुसरी बाजूही आहे. १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई ताब्यात घेतलं, राजेशाहीच्या खुणा पुसल्या गेल्या, तरी नावात 'रॉयल' मिरवणारा हा बँड टिकला आणि पुढे शहराचा झाला. तो बंद पडला असता तर ती गाणी कुणी वाजवली असती?

गंमत म्हणजे जिचं राज्य गेलं, त्या राणीनेच बर्गरला 'हवाईयन संगीताचा पिता' म्हटलं होतं. १९२९ मध्ये तो होनोलुलूतच वारला. आजही इओलानी राजवाड्याच्या आवारात बँडचे फुकट कार्यक्रम होतात. ज्या राजवाड्यात पदच्युत राणीला १८९५ मध्ये कैदेत ठेवलं होतं, तोच हा राजवाडा.

कधी होनोलुलूला गेलात, तर बीचवरून थोडा वेळ काढा आणि हा बँड ऐका. त्यात बर्गरची शिस्त आहेच. पण सही न करता घरी गेलेल्या त्या पोरांनाही मनातल्या मनात एक टाळी द्या.