घरच्या शाळेची मधली सुट्टी

वार्षिक अंकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गात कोणी कविता लिहावयास घेतली, कोणी सहलीचे वर्णन, तर कोणी एखाद्या कादंबरीचे रसग्रहण. मी मात्र मुलांच्या दुपारच्या जेवणावर लिहिते आहे. विषय ऐकून एक मैत्रीण म्हणाली, "अगं, हे वार्षिक अंकात शोभेल का? पाककृतीच्या वहीत लिही की!" शोभेल की नाही ते वाचकांनी ठरवावे. परंतु शाळा जेव्हा घरात आली होती, त्या काळात मला जे काही शिकावयास मिळाले, त्यातले सर्वांत उपयोगी शिक्षण गॅसच्या शेगडीजवळ मिळाले, एवढे मी प्रामाणिकपणे सांगू शकते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये मी नववीत गेले, मधली बहीण सहावीत आणि धाकटा भाऊ दुसरीत. आई आशा सेविका आणि वडील दुधाच्या टँकरवर चालक. सारे जग घरात बसलेले असताना ज्यांना घरात बसण्याची मुभा नव्हती, त्यांपैकी ही दोन माणसे. आई सकाळी भाकऱ्या थापून आठाच्या आत बाहेर पडे, ती घरोघर फिरून दोन-अडीचला परते. वडिलांचा तर दिवस-रात्रीचा नेमच नव्हता. घरी आम्ही तीन भावंडे आणि आजी. आजीला डोळ्यांनी कमी दिसते, त्यामुळे तिला शेगडीजवळ जाऊ द्यायचे नाही, असा आईचा दंडक होता.

'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असे म्हणत शासनाने अभ्यासमाला सुरू केली. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागे. माझे तास फोनवर होत. शिक्षण खरोखरच घरी आले. परंतु शाळेत आणखी दोन गोष्टी असतात, त्या काही घरी आल्या नाहीत. एक म्हणजे मधल्या सुट्टीची घंटा आणि दुसरी म्हणजे खिचडीचे पातेले.

या दोन गोष्टींचे महत्त्व आम्हांला पहिल्या दोन महिन्यांतच कळले. घंटा नसल्यामुळे भूक लागेल तेव्हा खाणे सुरू झाले. दहाला चहा-बिस्किटे, अकराला फरसाण, बाराला पाकिटातल्या शेवया. मग एक वाजता कोणालाच भाकरी नको असे. धाकट्याची तर दुपारी चिडचिड होई. पाढे म्हणता म्हणता तो पेंगत असे आणि चार वाजता पुन्हा "ताई, भूक लागली" म्हणून मागे लागे. तो आळशी झाला आहे, असे मला वाटे. तो उपाशी आहे, हे लक्षात येत नव्हते. कारण तो दिवसभर काहीतरी खातच होता!

शाळेतून शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य मात्र मिळे. गुरुजी पालकांना बोलावून पिशवीत मोजून देत. आता या योजनेचा इतिहास पाहण्यासारखा आहे. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी मुलांना महिन्याला तीन किलो धान्य कोरडेच दिले जात असे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला, की मुलांना शाळेत शिजवलेले अन्नच मिळाले पाहिजे. कोरडा तांदूळ आणि शिजलेला भात यांत न्यायालयाने एवढा भेद का करावा, हे मला पुस्तकात वाचून समजले नसते. आमच्या फडताळात तांदळाची पिशवी भरलेली होती आणि धाकटा बिस्किटे खात होता, हे पाहून ते समजले. धान्य म्हणजे जेवण नव्हे. त्या दोहोंच्या मध्ये कोणाचे तरी हात लागतात आणि कोणी तरी वेळेवर आठवण ठेवावी लागते.

ते हात माझे, असे मी ठरवले. आणि लगेच फजिती झाली. जुलैतला एक दिवस. बीजगणिताचा तास चालू असताना मी कुकर लावून आले. शिट्ट्या मोजण्याचे काम धाकट्याकडे दिले. तास रंगला आणि मी कुकर विसरले. करपल्याचा वास आला तेव्हा धाकट्याने आपण होऊन कुकर उतरवायचा प्रयत्न केला आणि त्याची बोटे भाजली. फोड मोठे नव्हते. पण आई अडीच वाजता घरी आली, ती त्याचा हात पाहून खाली बसली. ती मला एक शब्द बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी काम सोडते. लेकरांना जेवायला घालता येत नाही, आणि जगाची चौकशी करत फिरते."

ते ऐकून मला रडू कोसळले. आईच्या कामाचे पैसे थोडे होते, पण त्यावर किराणा येत होता. शिवाय त्या दिवसांत आईसारख्या बायकांनी काम सोडले असते, तर गावाचे काय झाले असते? आजी कोपऱ्यातून सारे ऐकत होती. ती म्हणाली, "काम सोडायला काय झालं? पोरीला शिजवता येतं. तिला फक्त आदल्या दिवशी सुरुवात करायला शिकवा. शेगडी पेटायच्या आधी निम्मा स्वयंपाक झालेला असावा."

आजीच्या या एका वाक्यावर आमचे आठवड्याचे वेळापत्रक उभे राहिले. ते असे.

शनिवारी रात्री दोन वाट्या मटकी भिजत घालावयाची. रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधावयाची. सोमवारी सकाळपर्यंत चांगले मोड येतात. थंडीत मोड उशिरा येतात. तेव्हा पुरचुंडी धान्याच्या डब्यात ठेवावी, तेथे ऊब असते. सोमवारी अर्ध्या मटकीची उसळ आणि आईने केलेली भाकरी. आमच्याकडे फ्रीज नव्हता, म्हणून उरलेली अर्धी मटकी धुऊन पुन्हा ओल्या फडक्यात ठेवत असे. उन्हाळ्यात मात्र एकाच दिवसापुरती मटकी भिजवावी, नाहीतर तिला आंबूस वास येतो.

मंगळवारी तीच मटकी, कांदा आणि कांदा-लसणाचा मसाला घालून भात. हा भात तास सुरू होण्यापूर्वी, साडेनऊच्या आत कुकरात शिजवून घ्यावयाचा आणि कुकर न उघडता जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवावयाचा. साडेबाराला उघडला तरी वाफ निघते. करपलेल्या कुकरानंतर आईने घातलेला नियमच होता, की तास चालू असताना शेगडी पेटवायची नाही. गोधडीमुळे तो नियम पाळता आला.

बुधवारी माझे तास अकरालाच संपत, म्हणून त्या दिवशी चकोल्या. यांना कोठे वरणफळे म्हणतात. तुरीची डाळ सकाळीच शिजवून ठेवावी. कणीक जरा घट्ट मळून पोळी लाटावी आणि तिचे तुकडे उकळत्या आमटीत सोडून दहा-पंधरा मिनिटे शिजू द्यावेत. तुकडे कापण्याचे काम भावंडांचे. बहीण सहावीच्या भूमितीप्रमाणे त्रिकोण आणि चौकोन कापी. धाकटा भोपळा, मासा असे वाटेल ते आकार कापी आणि मग ताटात आपलाच मासा शोधत बसे. भाजी नको म्हणणारी मुले आमटीतला पालक आणि शेवग्याच्या शेंगा या नादात खाऊन टाकतात, हा अनुभव घेण्यासारखा आहे.

गुरुवारी थालीपीठ. ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने आणि जिरे खमंग भाजून दळून आणले, की ती भाजणी महिनाभर सहज टिकते. सकाळी त्यात चिरलेला कांदा आणि मेथी घालून मळावे. बहिणीने ओल्या फडक्यावर थापावे आणि मी तव्यावर टाकावे. थालीपीठ गार झाले तरी बिघडत नाही. सोबत दही असले म्हणजे झाले.

शुक्रवार हा आमचा बिनशेगडीचा दिवस. दहीपोहे. तीन वाट्या पोहे धुऊन निथळावेत, त्यात दीड वाटी दही, थोडे दूध, मूठभर शेंगदाण्याचे कूट, मीठ, किसलेले गाजर किंवा काकडी. विस्तव नाही, सुरी नाही. म्हणून हा दिवस धाकट्याच्या हवाली केला. अर्धी वाटी, दीड वाटी ही मापे तो दुसरीत असतानाच नीट शिकला. अपूर्णांकाचा धडा पुढे शाळेत आला, तेव्हा त्याला तो जुन्या ओळखीचा वाटला.

शनिवारी शाळेच्या तांदळाची खिचडी. एका शनिवारी मी या खिचडीचा हिशेब घालून पाहिला. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी योजनेचे माप असे आहे: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम, आणि त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ३४५ उष्मांक आणि ७ ग्रॅम प्रथिने असतात; वीस ग्रॅम डाळीत सुमारे ७० उष्मांक आणि ५ ग्रॅम प्रथिने; तेलाचे ४५ उष्मांक. बेरीज बरोबर जुळते. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी हेच माप दीडपट, म्हणजे १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ. अपेक्षा ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनांची. हे पाहिल्यावर चहा-बिस्किटांनी धाकटा का पेंगत होता, ते निराळे सांगावे लागले नाही.

वरची यादी नीट पाहिली, तर रोज धान्याबरोबर डाळ, कडधान्य किंवा दाणे आहेत असे दिसेल. हा योगायोग नाही. तांदूळ, गहू, ज्वारी यांच्या प्रथिनांत जो घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीत जो कमी पडतो, तो धान्यात असतो. दोन्ही एका ताटात आली, की उणीव भरून निघते. आपल्या आज्यांनी हे रसायन शिकले नव्हते, पण वरण-भात आणि उसळ-भाकरी या जोड्या त्यांनी बरोबर लावून ठेवल्या आहेत. मोड आणल्याने कडधान्यात क जीवनसत्त्व वाढते. उसळीवर लिंबू पिळले, तर त्यातले लोह शरीराला अधिक मिळते. उलट जेवणाबरोबर चहा घेतला, तर ते कमी मिळते. म्हणून लिंबू ठेवावे आणि चहा चार वाजता द्यावा.

आता कोणी म्हणेल, यात नवीन ते काय? खरेच, पदार्थ एकही नवीन नाही. आमच्या घरी जे बदलले ते पदार्थ नव्हेत. आदल्या रात्री उद्याचे जेवण ठरू लागले. एकदा भिजवलेले दोन दिवस पुरू लागले. साडेबारा वाजता बहीण ताटावर पळीने ठोके देऊन घंटा वाजवी. तिच्या आधी कोणी डबे उघडावयाचे नाहीत. आणि प्रत्येकाला, अगदी दुसरीतल्या मुलालाही, स्वतःचे एक काम मिळाले. लसूण सोलणे आजीकडे होते. त्यासाठी डोळे लागत नाहीत.

सप्टेंबरातला एक शुक्रवार मला विसरता येत नाही. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेचे दिवस होते आणि आईचे काम फार वाढले होते. ती तीन वाजता आली. हातपाय धुऊन ती नेहमीप्रमाणे शिळी भाकरी शोधू लागली, तोच धाकट्याने झाकलेली ताटली तिच्यापुढे ठेवली. "आई, बस. मी केलेत." आई जेवली. पोह्यांत मीठ जास्त झाले होते. तिने ते सांगितले नाही. मात्र त्यानंतर काम सोडण्याची गोष्ट तिने पुन्हा कधी काढली नाही.

मार्च २०२२ मध्ये मी दहावीची परीक्षा वर्गात बसून दिली. पुढे भावाच्या शाळेत पुन्हा खिचडी शिजू लागली. एकदा त्याला आणावयास गेले असता, तेथील स्वयंपाकी मावशी भले मोठे पातेले उतरवताना दिसल्या. आम्ही लहानपणी त्यांच्या खिचडीला नावे ठेवीत असू. चार ताटांसाठी मला आदल्या रात्रीपासून तयारी करावी लागे. त्या तर रोज सगळ्या शाळेची घंटा सांभाळीत होत्या. मी पुढे होऊन पातेल्याला हात लावला. त्या हसून म्हणाल्या, "भाजेल गं बाई, बाजूला हो."

शाळा उघडल्या म्हणून हा विषय संपला, असे नाही. काही पालक मुलांना हौसेने घरीच शिकवतात आणि मुक्त विद्यालयातून परीक्षेस बसवतात. काही मुले आजारपणामुळे महिनोन् महिने घरी असतात. अशा घरांत पुस्तकांची आणि तासांची आखणी कसोशीने होते. त्या आखणीत दुपारच्या साडेबाराचा एक तास जेवणाचाही मांडावा, आणि त्याची तयारी आदल्या रात्री करावी, एवढेच माझे सांगणे आहे.

लेख लांबला. आज शनिवार आहे, आणि मटकी अजून भिजत घालावयाची आहे.