यंत्राचा सूर आणि मुलाचा गळा



प्राथमिक शाळेंतील गाण्याच्या तासाला यंत्राची मदत कशी घ्यावी, या विषयावर मला आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी कांहीं गवई नव्हें. पेटीवर बोटें फिरवून मुलांकडून गाणीं म्हणवून घेणारा एक साधा शिक्षक होतों. आतां निवृत्त आहें. तेव्हां रागदारीच्या पांडित्याची अपेक्षा आपण माझ्याकडून करूं नये. चाळीस मुलांच्या वर्गांत काय घडतें, तेवढेंच मी सांगूं शकेन.

गेल्या पावसाळ्यांत मी नातीच्या शाळेंत गेलों होतों. तिसरीचा वर्ग आणि गाण्याचा तास. भिंतीवर मोठा पडदा, कोपऱ्यांत कर्णा. बाईंनीं बटण दाबलें आणि पडद्यावर चित्रें हलूं लागलीं. कर्ण्यांतून घोटीव, गोड आवाजांत बालगीत सुरू झालें, मागें पांचसहा वाद्यांचा मेळ. मुलें खूष होतीं. कांहीं गुणगुणत होतीं. बहुतेकांचे नुसते ओठ हलत होते. गीत संपलें, पुन्हां एकदां लावलें, आणि तास झाल्याची घंटा वाजली. घरीं येतांना मीं नातीला म्हटलें, "म्हणून दाखव पाहूं." ती म्हणाली, "आजोबा, मोबाईलवर आहे ना तें गाणं, लावा कीं!"

त्या उत्तरांत आजच्या प्रश्नाचें सार आहे. गाणें यंत्रांत होतें. मुलीच्या गळ्यांत तें उतरलें नव्हतें.

परंतु यंत्राला दोष देण्यापूर्वीं मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे, आणि ती चूक मीं कोणत्याहि यंत्रावांचून केली होती. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी चौथीला शिकवीत होतों. स्नेहसंमेलनासाठीं समूहगीत बसवीत असतां एक मुलगा सारखा खालच्या, घोगऱ्या आवाजांत म्हणे. दोनचार वेळां समजावून पाहिलें, शेवटीं वैतागून मीं त्याला म्हटलें, "तूं नुसते ओठ हलव." मुलगा आज्ञाधारक होता, त्यानें तसेंच केलें. पुढें आठवड्याभरानें वर्गांतल्याच एका मुलीचें गाणें मीं शाळेच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलें होतें, तें मधल्या सुटींत वाजत होतें. व्हरांड्यांत डबा खात बसलेला तोच मुलगा त्या टेपबरोबर गात होता, आणि अगदीं सुरांत गात होता.

मी चकित झालों. विचार केल्यावर उलगडा झाला. पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षां साधारणतः एक सप्तक खालचा असतो. माझा षड्ज पेटीच्या काळी एकचा. त्याचीं आंदोलनें सेकंदास सुमारें १३९. मुलें त्याच नांवाच्या षड्जांत गातात, तेव्हां त्यांचीं आंदोलनें बरोबर दुप्पट, म्हणजे सुमारें २७७ होतात. बहुतेक मुलें हा फरक नकळत सांधून घेतात. परंतु एखादें मूल गुरुजींच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करूं पाहतें, त्या आवाजामागोमाग खालीं उतरूं लागतें, आणि तेथें त्याला पायरी सांपडत नाहीं. तो मुलगा बेसूर नव्हता. तो मीं गाऊन दाखविलेलें प्रामाणिकपणें गिरवीत होता. टेपवर त्याला आपल्याच उंचीचा आवाज भेटला आणि वाट सांपडली. दुसऱ्या दिवशीं मीं त्याला पहिल्या रांगेंत उभें केलें. पण मोकळेपणानें तोंड उघडावयास त्याला पुढें दोन महिने लागले, आणि संमेलन तोंवर होऊन गेलें होतें.

तेव्हांपासून यंत्राविषयीं माझें मत ठरलें. त्यानें मुलाऐवजीं गाऊं नये. मुलाला गाण्यासाठीं साह्य करावें. हें साह्य तीन प्रकारांनीं होऊं शकतें.

पहिलें साह्य आधाराचें. आपल्या गाण्याचा पाया षड्ज, आणि तो अखंड धरून ठेवणारें वाद्य तंबोरा. परंतु चार तारांचा तंबोरा प्राथमिक शाळेंत कोठून येणार, आणि आला तरी दमट हवेंत उतरणाऱ्या तारा तासोतास कोण लावीत बसणार? म्हणून आम्हीं पेटी जवळ केली. पेटी सोयीची खरी, परंतु तिच्या सुरांत एक तडजोड आहे. षड्ज २४० आंदोलनांचा धरला, तर त्याच्याशीं पूर्णपणें मिळणारा गंधार ३०० आंदोलनांचा येतो. हें प्रमाण चारास पांच असें सरळ आहे, आणि लागलेल्या तंबोऱ्यांतून तो गंधार आपोआप कानीं पडतो. पेटीचें सप्तक मात्र बारा समान टप्प्यांत वांटलेलें असल्यामुळें तिचा गंधार सुमारें ३०२.४ वर जातो. पंचमांत फरक नाममात्र, ३६० च्या ऐवजीं ३५९.६ इतकाच, गंधारांत मात्र तो कानाला जाणवतो. मूल ३०० वर गात असलें आणि शेजारीं पेटी ३०२.४ वर वाजत असली, तर ध्वनि सेकंदास दोनअडीच वेळां हेलकावे खातो. पेटीवरील अशा आक्षेपांमुळेंच १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला आपल्या केंद्रांवर बंदी केली होती, आणि ती सुमारें तीस वर्षें टिकली.

पेटी अडगळींत टाका, असें मी म्हणत नाहीं. तिनें पहिला सूर दाखवावा, मुलें चुकलीं तर रस्त्यावर आणून सोडावें, आणि गप्प बसावें. सतत आधार देण्याचें काम विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याकडे सोंपवावें. तो तळहाताएवढ्या पेटींत मावतो. मोबाईलवर तर फुकटहि मिळतो. मात्र पट्टी शिक्षकाच्या गळ्याची नसावी, मुलांच्या गळ्याची असावी. गाण्यांतील सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर आधीं मुलांकडून म्हणवून पाहावा. दोन्हीं टोकांना ओढाताण होत नसेल, ती पट्टी योग्य. आणि तंबोरा इतका हलका ठेवावा, कीं प्रत्येक मुलाला स्वतःचा आवाज ऐकूं यावा.

दुसरें साह्य श्रवणाचें. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. वर्गांत अनेकांना एकत्र शिकवावयाचें म्हणून त्यांनीं स्वरलिपीचा अवलंब केला. परंतु कागद सूर सांगतो, ऐकवीत नाहीं. पुढल्याच वर्षीं, १९०२ सालीं, कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें ध्वनिमुद्रित झालें, आणि गवयासमोर न बसतांहि गाणें ऐकण्याची सोय झाली. त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचें गाणें मावे. थोर गायकांना ही मर्यादा जाचली असेल. प्राथमिक वर्गाला ती फार मानवते. आठ वर्षांच्या मुलाचें लक्ष तीन मिनिटेंच टिकतें, असें समजून चालावें.

ऐकविण्यापूर्वीं एक प्रश्न मात्र जरूर घालावा. "दुसऱ्या ओळींत आवाज वर चढतो कीं खालीं उतरतो, तें हातानें दाखवा," किंवा "सम आली कीं टाळी द्या." प्रश्नावांचून मूल नुसतें बसतें, प्रश्न असला कीं कान टंवकारतें. नंतर ओळ अर्ध्यावर थांबवावी आणि उरलेली मुलांनीं पुरी करावी. यंत्र बंद होतें त्या क्षणीं खरा तास सुरू होतो. आणखी एक सोय आज झाली आहे. पूर्वीं तबकडीची गति कमी केली कीं सूरहि खालीं घसरे. आज गति तीच ठेवून पट्टी बदलतां येते, अथवा पट्टी तीच ठेवून गति कमी करतां येते. मोठ्या माणसानें गायिलेलें गीत मुलांच्या पट्टींत आणून, सावकाश ऐकवितां येतें. पस्तीस वर्षांपूर्वीं मला ही सोय असती, तर त्या मुलाचे दोन महिने वांचले असते.

तिसरें साह्य आरशाचें. मुलाचें गाणें उतरवून त्यालाच ऐकवावें. प्रथम तें म्हणतें, "हा माझा आवाज नव्हे!" त्याचें आश्चर्य खरें असतें, कारण एरव्हीं आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनहि ऐकूं येत असतो, ध्वनिमुद्रणांत तो केवळ हवेंतून येतो. एकदां सवय झाली कीं मूल आपली चूक आपणच पकडतें. शिक्षकाला बोट दाखवावें लागत नाहीं. पण हा आरसा एकांतांतला. वर्गासमोर कोणाचें चुकलेलें गाणें वाजवूं नये, आणि काम झालें कीं तें पुसून टाकावें. सूर बरोबर आहे कीं नाहीं तें कांट्यानें दाखविणारीं साधनेंहि मिळतात. त्यांच्या आहारीं जाऊं नये. आपल्या गाण्यांत मींड आहे, आंदोलन आहे. तेथें सूर एका जागीं थांबत नाहीं आणि कांटा गोंधळतो. शिवाय मूल कांट्याकडे पाहूं लागलें, कीं ऐकावयाचें विसरतें.

पालकांना माझी एवढीच विनंति आहे. घरीं पांच मिनिटें तंबोरा लावून मुलाला त्याच्या पट्टींत गाऊं द्यावें आणि तेवढा वेळ आपण गप्प राहावें. शाळेंत गेलां, तर तेथें कोणतीं यंत्रें आहेत हें विचारूं नका. आठवड्यांतून एकदां तरी प्रत्येक मूल एकटें एक ओळ गातें काय, हें विचारा. कारण तंबोरा, तबकडी आणि मोबाईल मुलाला सूर ऐकवितील; पण एखादें मूल नुसतेच ओठ हलवीत आहे, हें ओळखून तें कां, याचा शोध शिक्षकालाच घ्यावा लागतो.

नातीला तें बालगीत मीं नंतर शिकविलें. मोबाईलवर एक ओळ लावायची, बंद करायची, मग तिनें म्हणायची. चौथ्या दिवशीं तिनेंच मोबाईल बाजूला ठेवला.