थांबून पुन्हा पेटणारी आग

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ उडाला, तेव्हा त्याच्या माथ्यावर वीस उपग्रह होते. त्यांतला सर्वांत मोठा कार्टोसॅट-२ मालिकेतला, ७२७.५ किलोंचा. अगदी हलक्यांपैकी एक पुण्याचा: शिवाजीनगरच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी आठ वर्षे खपून घडवलेला ‘स्वयम्’. वजन ९९० ग्रॅम. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस नियंत्रण रेषेपलीकडे लक्ष्यभेदी कारवाई झाली आणि तिच्या आखणीत त्या कार्टोसॅटने टिपलेली छायाचित्रे वापरली गेल्याच्या बातम्या आल्या. विद्यार्थ्यांचा एक किलोचा डबा आणि सैन्याचा डोळा एकाच अग्निबाणाने वर गेले होते.

तेव्हा या दोघांचे कौतुक वेगवेगळ्या कारणांनी झाले. आज मागे वळून पाहताना मला त्यांच्यातले साम्य जास्त जाणवते. स्वयम् आपली दिशा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने सावरत असे. त्यासाठी त्याला वीज लागत नसे, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांनी हे साधावे ही मोठीच गोष्ट होती. कार्टोसॅट तर हवी ती जागा टिपण्यासाठी पुढेमागे, डावीउजवीकडे चपळाईने वळत असे. पण वळणे वेगळे आणि जागा सोडून जाणे वेगळे. स्वयमकडे इंधन नव्हतेच. कार्टोसॅटकडचे इंधन प्रामुख्याने ठरलेली कक्षा टिकवण्यासाठी होते. दोघांचीही वाट आधीच आखलेली होती, आणि ज्याला ती मोजता येत होती त्याला ते पुढच्या मंगळवारी कुठे असतील हे आज सांगता येत होते. गेल्या दहा वर्षांत बदलले ते हेच.

कक्षेत हालचाल महाग का पडते, ते आकड्यांनी पाहू. पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर धावतो. त्याला दहा किलोमीटर वर न्यायचे, तर वेगात सेकंदाला साधारण साडेपाच मीटरचा बदल पुरतो. पण त्याच्या कक्षेचा कल एकच अंशाने बदलायचा म्हटले, तर सेकंदाला सुमारे १३३ मीटरचा बदल लागतो, म्हणजे जवळपास चोवीसपट. पाठलागाचे गणित तर उलटेच चालते. पुढच्या उपग्रहाला गाठायचे असेल, तर आधी वेग किंचित कमी करून खाली उतरायचे. खालची वाट आखूड आणि तिथला वेग जास्त, त्यामुळे वर्तुळाकार मैदानावर आतल्या पट्ट्यातून धावणाऱ्यासारखे आपण आपोआप पुढे सरकतो. मग पुन्हा वर यायचे. प्रत्येक पावलाला इंधन जाते आणि संपलेले इंधन वर कोणी आणून देत नाही. निदान परवापरवापर्यंत देत नव्हते.

जगात अशा हालचालींची चाहूल आधीच लागली होती. रशियाचा ‘लुच-ऑलिंप’ हा उपग्रह फ्रान्स आणि इटलीच्या ‘अथेना-फिदुस’ या लष्करी दळणवळण उपग्रहाच्या फारच जवळ गेल्याचा आरोप फ्रान्सच्या संरक्षणमंत्री फ्लोरांस पार्ली यांनी २०१८मध्ये उघडपणे केला. फेब्रुवारी २०२०मध्ये नॉर्थ्रॉप ग्रमन या खासगी कंपनीच्या यानाने इंटेलसॅट-९०१ या इंधन संपत आलेल्या उपग्रहाला जाऊन धरले आणि त्याचे आयुष्य वाढवले. जानेवारी २०२२मध्ये चीनच्या शिजियान-२१ने एक निकामी बैदू उपग्रह ओढत नेऊन दूरच्या कक्षेत सोडला. धरणे, ढकलणे, ओढून नेणे ही सगळी सेवेची कामे. पण जो हात निकामी उपग्रह ओढू शकतो, तो चालू उपग्रहही ओढू शकतो. सैन्यांनी खासगी कंपन्यांकडे वळायला सुरुवात केली ती हे ओळखूनच. अमेरिकेच्या अंतराळ दलाने ‘व्हिक्टस हेझ’ या सरावासाठी २०२४मध्ये ट्रू अनोमली आणि रॉकेट लॅब या दोन कंपन्यांना कंत्राटे दिली. काम एवढेच: संशयित यानाजवळ आपले यान वेळेत पोहोचवायचे आणि ते काय करते आहे ते पाहायचे.

भारताने २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’त आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडून दाखवला. ताकद सिद्ध झाली, पण तुकडेही उरले. मला त्या दिवसापेक्षा १६ जानेवारी २०२५चा दिवस मोठा वाटतो.

कक्षेत दोन याने एकमेकांना जोडण्याच्या ‘स्पेडेक्स’ या इस्रोच्या प्रयोगाचे दोन उपग्रह, प्रत्येकी २२० किलोंचे, ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६०ने ४७५ किलोमीटरच्या कक्षेत गेले. त्यांची बांधणी आणि चाचणी बंगळुरूत अनंत टेक्नॉलॉजीज या खासगी कंपनीच्या आवारात झाली होती. एरवी हे काम इस्रो स्वतःकडे ठेवत आली. जानेवारीत दोघांना टप्प्याटप्प्याने जवळ आणायला सुरुवात झाली. ७ तारखेची भेट ९वर गेली. मग एका हालचालीत अपेक्षेपेक्षा जास्त सरकणे दिसले, आणि तीही पुढे ढकलली गेली. १२ तारखेला दोघे पंधरा मीटरवर आले, मग तीन मीटरवर आले आणि आदेशाप्रमाणे सुरक्षित अंतरावर मागे गेले. मिळालेली माहिती तपासूनच पुढे जायचे, असे इस्रोने सांगितले. त्या आठवड्यात उशिराबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ होते. पण ज्याला तीन मीटरवरून मागे येता येते, त्यालाच पुढे जाण्याचा अधिकार असतो, हे या सगळ्या विद्येचे मर्म आहे. १६ जानेवारीला ते जोडले गेले, १३ मार्चला सुटले आणि २० एप्रिलला पुन्हा जोडले गेले.

हे सारे साधते ते थांबून पुन्हा पेटणाऱ्या आगीवर, आणि इथे पुण्याचा संबंध येतो. पुणे परिसराची अग्निबाणविद्या जुनी आणि अस्सल आहे. पुण्यात जन्मलेल्या वसंतराव गोवारीकरांनी घन इंधनाच्या संशोधनाला दिशा दिली. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला तेव्हा ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते, आणि पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा कारखाना १९७०च्या दशकापासून इस्रोच्या अग्निबाणांची मोटर-आवरणे घडवतो आहे. पाषाणच्या सुतारवाडीत डीआरडीओची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा आहे. पिनाक रॉकेटचे इंधन तिथलेच. पण घन इंधनाचा स्वभाव एकच: पेटले की संपेपर्यंत जळायचे. जमीन सोडायला ते उत्तम चालते. कक्षेतल्या डावपेचाला मात्र क्षणभर पेटणारी, विझणारी आणि महिन्याभराने तितक्याच नेमकेपणाने पुन्हा पेटणारी यंत्रणा लागते. पुण्याने आजवर जी आग कमावली ती पहिल्या प्रकारची. दुसऱ्या प्रकारची इथे अजून रुजायची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिच्यावर शेजारी, मुंबईत काम सुरू झाले आहे. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तुषार जाधव आणि अष्टेश कुमार यांनी २०१७मध्ये मनस्तू स्पेस उभी केली. उपग्रहांत वर्षानुवर्षे हायड्राझीन वापरले जाते. ते इतके विषारी की भरणाऱ्याला अंगभर संरक्षक पोशाख चढवावा लागतो. मनस्तूने हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेले, हाताळायला सोपे इंधन घेतले. डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीचे पाठबळ तिला मिळाले आणि तिचा ‘व्योम-२यू’ हा थ्रस्टर स्पेडेक्सच्याच अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे पोएम-४वर बसून वर गेला. उपग्रह पटकन भरता येणे हे सैन्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. आदेश आल्यावर इंधन भरण्यातच दिवस गेले तर काय उपयोग? सीओईपीच्या मुलांनी मात्र इंधनालाच फाटा देणारी वाट निवडली. सूर्यप्रकाशाच्या दाबावर शीड उभारून कक्षा उंचावायची, हे त्यांच्या दुसऱ्या उपग्रहाचे उद्दिष्ट. ती वाट संथ आहे, सैन्याच्या घाईची नाही; पण कक्षा बदलण्याचा ध्यास पुण्यात विद्यार्थ्यांनी आधी घेतला, हे नोंदवायलाच हवे.

ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्र सरकारने टेहळणीसाठी ५२ उपग्रहांच्या मालिकेला मंजुरी दिली. त्यांतले ३१ खासगी कंपन्यांनी बनवायचे आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये आणखी एक बातमी आली: २०२४च्या मध्यात शेजारी देशाचा एक उपग्रह इस्रोच्या एका उपग्रहापासून किलोमीटरभराच्या आत आला होता, आणि आपल्या उपग्रहांसाठी ‘अंगरक्षक’ याने नेमण्याचा विचार सुरू आहे. या विचाराला माझा पाठिंबा आहे. डोळा असून हलता न येणे ही आता परवडणारी गोष्ट नाही.

पण अंगरक्षक खासगी कंपनीचा असेल तर? ऑक्टोबर २०२२मध्ये रशियाच्या प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रांत बजावले होते की युद्धात मदत करणारे खासगी उपग्रहही प्रत्युत्तराचे लक्ष्य ठरू शकतात. १९६७चा अंतराळ करार खासगी यानाच्या कृत्याची जबाबदारी त्याच्या देशावर टाकतो, आणि १९७२च्या करारानुसार नुकसानभरपाईही प्रक्षेपण करणाऱ्या देशालाच द्यावी लागते. म्हणजे ठाण्याच्या किंवा पुण्याच्या एखाद्या कंपनीतल्या अभियंत्याने रात्री यान शंभर मीटर पुढे सरकवले, तर त्याचा जाब दिल्लीला द्यावा लागेल. त्याला तो आदेश कोणी द्यायचा, किती अंतरावर थांबायचे, समोरच्या देशाला आधी कळवायचे की नाही आणि यान गमावले तर भरपाई कोणी करायची, याची उत्तरे २०२३च्या अंतराळ धोरणात नाहीत. ती कायद्यात हवीत. अंतराळ व्यवहार विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०१७मध्ये लोकांच्या सूचनांसाठी मांडला गेला होता. स्पेडेक्सचे उपग्रह दोनदा जोडले गेले तरी त्याचा कायदा झाला नव्हता. अंगरक्षक यानांची कंत्राटे निघण्याआधी तो व्हायला हवा.