एक्स-रे नॉर्मल, तरी कंबर दुखते? 🧠

आपल्या नेरकडे कापूस वेचणीचा हंगाम आला की कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून काम. कंबर धरणारच! पण दुखणं ३ महिन्यांच्या वर रेंगाळलं, तर ते ‘जुनाट’. त्यात मेंदूतल्या रसायनांचा आणि हार्मोन्सचाही हात असतो.

🔹 एंडॉर्फिन, एन्केफॅलिन : शरीराची स्वतःची वेदनाशामकं. एन्केफॅलिन १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी ओळखलं. काम मॉर्फिनसारखं.

🔹 नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, सेरोटोनिन : मेंदूतून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या यंत्रणेत यांच्यामुळे वेदनेचे संदेश बारीक होतात. ती बिघडली की तेच दुखणं जास्त जाणवतं.

🔹 कॉर्टिसॉल : ताणाचं हार्मोन. कर्जाची, पिकाची काळजी कायम राहिली तर त्याची लय बिघडू शकते. अपुऱ्या झोपेनं वेदना आणखी वाढतात.

म्हणून डॉक्टर कधी कधी ड्युलॉक्सेटिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात. मूळची नैराश्यावरची औषधं, पण वेदनेवरही चालतात. ‘मला वेड्यात काढलं’ असं समजू नका आणि मनानं बंदही करू नका.

रोज थोडं चालणं आणि पुरेशी झोप यांचाही फायदा होतो.

⚠️ पाय लुळे पडले, लघवीवरचा ताबा सुटला किंवा कंबरदुखीसोबत ताप आला, तर थेट दवाखाना गाठा!