कानातलं कुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत पाच मार्कांसाठी पाठ केलेली आहे. आता प्रामाणिकपणे सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी खरंखुरं कुसळ बघितलंय? मी बिलोलीचा. नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, मांजरा ओलांडली की तेलंगणा. लहानपणी शेतातून घरी आलो की पायजम्याची कुसळं काढायला ओसरीवर बसायचो. पुण्यात नोकरीची बारा वर्षं झाली आणि हे सगळं डोक्यातून साफ डिलीट झालं. त्याची शिक्षा मला नाही, माझ्या कुत्र्याला झाली.

कुत्र्याचं नाव कोको. कॉकर स्पॅनियल, चॉकलेटी रंग, जमिनीला टेकतील असे झुलते कान आणि पंजांवर केसांचे गोंडे. सोसायटीतल्या लिफ्टमध्ये सगळ्यांचा लाडका. मागच्या मे महिन्यात सुट्टी टाकली आणि कोकोला मागच्या सीटवर घेऊन लातूर, उदगीर, देगलूर करत जवळपास पाचशे किलोमीटर गाडी हाकत घरी पोचलो. आईने आधी त्याला पाणी दिलं, मग मला!

आता मे महिन्यातली बिलोली म्हणजे काय, हे पुण्याच्या उन्हाने हैराण होणाऱ्यांना सांगून कळायचं नाही. पारा बेचाळीसच्या पुढे. सकाळी नऊनंतर डांबरावर तळहात ठेवून बघा, पाच सेकंदही टिकत नाही. कोकोचे पंजे पोळू नयेत म्हणून मी शहाणपणा केला. रस्ता टाळायचा आणि भल्या सकाळी त्याला शेताच्या बांधाबांधाने फिरवायचं. मऊ गवत, मोकळी हवा, पट्टा सोडून दिलेला. फोटो तर असे आले की ऑफिसच्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ.

त्याच बांधावर कुसळी उभी होती.

हे गवत पावसाळ्यात हिरवंगार असतं, तेव्हा गुरं आवडीने खातात. दिवाळीच्या आसपास त्याला कुसळं येतात आणि मग गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. एक कुसळ हातात घेऊन नीट बघा. खाली सुईसारखं टोक. त्याच्या मागे बारीक ताठ केस, सगळे उलट्या दिशेने वळलेले, माशाच्या गळासारखे. म्हणजे पुढे सरकायचं, मागे यायचं नाही. आणि वर लांब काळपट शेपटी, दोरीसारखा पीळ घातलेली. खरी गंमत या शेपटीची. ओल लागली की तिचा पीळ सुटतो, वाळली की परत बसतो. म्हणजे दव पडलं, ऊन आलं, पुन्हा दव पडलं की कुसळ आपोआप गोल फिरत राहतं आणि स्वतःलाच जमिनीत ठोकून घेतं. बी रुजवण्यासाठी निसर्गाने दिलेलं हे ड्रिल मशीन. त्याला काय कळतंय की खाली माती आहे की कोकोची कातडी!

पिकलेली कुसळं गळतात, पण कुठे जात नाहीत. एकमेकांत गुंतून त्यांचे झुबके होतात आणि पहिल्या मोठ्या पावसापर्यंत वाळक्या गवतात पडून राहतात. आदल्या संध्याकाळी वळवाची एक सर येऊन गेली होती. सगळं रान ओलसर, वासाने कोको वेडा झालेला, नाक खाली घालून नुसता घुसतोय.

परत आल्यावर तो डोकं झटकायला लागला. एकदा, दोनदा नाही, सारखं. उजवा कान जमिनीला घासायचा. मला वाटलं पाणी गेलं असेल, नाहीतर गोचीड. पुण्याहून आणलेल्या किटमध्ये मागच्या वर्षीच्या इन्फेक्शनचे थेंब उरले होते. ते टाकले. रात्री थोडा शांत वाटला म्हणून मी स्वतःवरच खूश. दुसऱ्या दिवशीही थेंब. तिसऱ्या दिवशी सकाळी कोको उठला तो मान एका बाजूला वाकडी करून, आणि कानाला हात लावायला गेलो तर किंचाळला. एवढ्या वर्षांत तो माझ्यावर कधी गुरगुरलासुद्धा नव्हता.

आमच्या शेतावर तीस वर्षं काम करणारे एक मामा आहेत. ते दूध घेऊन आले, कोकोकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘‘कुसळ गेलंय की कानात. कवापासून असं करायलंय?’’

मी म्हटलं, ‘‘तीन दिवस झाले, मामा.’’

‘‘मग तीन दिवस काय करायलास लेकरा?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. (इंटरनेटवर ‘डॉग इअर इन्फेक्शन’ वाचत होतो, हे त्यांना कसं सांगणार?)

गावातल्या डॉक्टरांनी कान चाचपला आणि सरळ सांगितलं, आत बघायचं तर भूल द्यावी लागेल, उगाच हाताने खेळ नको, उदगीर गाठा. उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीतही आहे. आमच्या भागातल्या गाई-म्हशींचा हा मोठा आधार. येताना ज्या रस्त्याने गाणी लावून आलो, त्याच रस्त्याने एकही गाणं न लावता परत गेलो. मांडीवर कोकोचं डोकं धरून आई मागे बसली होती. ही तीच आई, जिने पाच वर्षांपूर्वी ‘घरात कुत्रं नको’ म्हणून माझ्याशी महिनाभर अबोला धरला होता.

कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते. आधी खाली जाते आणि मग आत वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. कुसळ त्या वळणावरून पुढे गेलं की बाहेरून कितीही टॉर्च मारा, दिसत नाही. कापसाचा बड घातला तर ते आणखी आत ढकललं जातं. आणि पडदा फाटलेला असेल तर काही औषधी थेंब मधल्या कानात उतरून नुकसान करतात. हे सगळं मला डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं आणि मी माझ्या दोन दिवसांच्या थेंबांचा हिशोब मनात करत उभा राहिलो. भूल देऊन, दुर्बिणीसारखं यंत्र लावून, मगरीच्या जबड्यासारख्या लांब चिमट्याने त्यांनी ते ओढून काढलं. दोन सेंटिमीटरचा तुकडा. पडद्याला टेकला होता, पण पडदा शाबूत होता. म्हणजे नशीब जोरावर!

स्टोरी इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पुण्यात परतल्यावर तीन आठवड्यांनी कोकोच्या पुढच्या डाव्या पायाच्या बोटांमध्ये एक फोड आला. चाटून चाटून फुटला, अँटिबायोटिक्सने बसला, पुन्हा आला. एक्स-रे स्वच्छ. अर्थात, काडीकचरा एक्स-रेवर दिसतच नाही. तिसऱ्यांदा फोड आल्यावर मी बिलोलीची हकिगत सांगितली, तेव्हा कुठे तिथे चीर देऊन शोध घेतला आणि पूमध्ये अर्धवट कुजलेलं दुसरं कुसळ मिळालं. ते बोटांमधून शिरून वर सरकत होतं. काही कुत्र्यांमध्ये नाकातोंडातून गेलेली कुसळं थेट छातीपर्यंत पोचतात, हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

एक सॉलिड विरोधाभास सांगतो. ज्या बांधावर कोकोची वाट लागली, त्याच रानात मेंढपाळांची कारवानी कुत्री दिवसभर धावतात. लातूर जिल्ह्यात चाकूरजवळचं जानवळ तर या जातीसाठी नावाजलेलं आहे. गुळगुळीत आखूड केस, चिटकायला काही जागाच नाही. कोकोचा कोट थंड मुलखातल्या झुडपांसाठी बनलेला, तो आम्ही मराठवाड्यात मे महिन्यात हिंडवतोय. कारवानीलाही कुसळ लागू शकतं, पण तिच्या अंगावर ते दिसतं तरी!

आणि कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या बियांनी जगाचं भलंही केलंय. 1941 मध्ये स्वित्झर्लंडचे इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्राल कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरून आले, त्याच्या अंगाला चिकटलेली काटेरी फळं त्यांनी मायक्रोस्कोपखाली धरली आणि त्यातून पुढे वेल्क्रो आलं. मी फक्त बिल भरून आलो.

पुणेकरांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. दिवाळीनंतर वेताळ टेकडी, तळजाई कुठेही पायवाट सोडून गवतात शिरा आणि मोजे बघा. मी आता काय करतो, ते सांगतो. वाळक्या गवताजवळ पट्टा आखूड, पायवाटेच्या मधोमध चाल. बोटांमधले आणि कानाच्या आतल्या बाजूचे केस दर महिन्याला बारीक. गावी गेलो की आईच्या जुन्या सुती ओढणीची पट्टी कानांवरून सैल बांधतो, कोको शेतमजूर बाईसारखा दिसतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. घरी आल्यावर आधी चहा नाही, आधी तपासणी. प्रत्येक बोटाची फट, कान उलटा करून, काखा, पोटाखाली, डोळ्यांचे कोपरे. तीन मिनिटं लागतात. वर दिसणारं कुसळ सरळ ओढून काढतो. आत शिरलेलं वाटलं तर हात लावत नाही. फिरून येताच सलग शिंका, एकच डोळा मिटणं, एकच बोट चाटणं, एकच कान झटकणं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. ‘उद्या बघू’ बंद.

या दिवाळीत पुन्हा बिलोलीला गेलो होतो. कुसळी ऐन भरात. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात आईने कोकोला ओसरीवर आडवा पाडून चष्मा लावून बोटं तपासायला घेतली होती. मामा शेजारी बसून कान धरत होते. दोन कुसळं निघाली, दोन्ही वरच्या केसांतली. आईने ती कागदात गुंडाळून चुलीत टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘याचं झालं. आता तुझे मोजे काढ, सगळ्या ओसरीत सांडायलास.’’