चिखलीतून कॉकपिटकडे

नोकरी सोडून पायलट व्हायचंय? आधी पैसे भरू नका, डोळे तपासा! डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय; त्यांच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे क्लास २ मेडिकल, मग क्लास १. त्यात अडकलात तर बाकी खर्च पाण्यात.

बारावीला फिजिक्स-गणित नव्हतं? राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) ते विषय देता येतात. कॉमर्सवाल्यांनो, दार बंद नाही. पुढे डीजीसीएच्या लेखी पेपरांना ७० टक्के लागतात. त्यातलं हवामानशास्त्र मला सगळ्यात गोड वाटतं, आपण वऱ्हाडातली माणसं आभाळ बघतच वाढलो ना!

कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण, त्यातले १०० स्वतः कॅप्टन म्हणून. चिखलीकरांनी थेट परदेश गाठायला नको. जळगाव, धुळे, गोंदियाजवळचं बिरसी इथे प्रशिक्षण चालतं. मात्र फी भरण्याआधी धावपट्टीवर जाऊन मोजा, किती विमानं खरंच उडतायत.