पुठ्ठ्याचे कोलोसियम

महाशिवरात्रीला गंगा तलावाकडे निघालेल्या बांबूच्या व रंगीत कागदाच्या कांवरी आपण दरवर्षी पाहतो. त्या बांधणाऱ्या हातांना ही हकिकत आवडेल.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात वेस्ट विंडसर हे गाव आहे. प्रिन्स्टन जंक्शन रेल्वे स्थानक त्याच्याच हद्दीत येते. तेथे एका मराठी घरी मी पाहुणा होतो. सहावीतल्या नातवाला शाळेने प्राचीन रोममधील वास्तूची प्रतिकृती करायला सांगितली होती. त्याने कोलोसियम निवडले. आजोबा पुण्याचे, नकाशे काढण्यात हयात गेलेले. नातवाला तयार संच विकत हवा होता. आजोबांनी अडगळीतली खोकी काढली.

सम्राट व्हेस्पेशियनने सुरू केलेल्या या रंगमंडळाचे उद्घाटन त्याचा मुलगा टायटस याने इ. स. ८० मध्ये केले. लांबी १८९ मीटर, रुंदी १५६, उंची सुमारे ४८. प्रमाण एकास तीनशे धरले, म्हणजे ६३ बाय ५२ सेंटिमीटर आणि १६ सेंटिमीटर उंच. लंबगोल काढायचा कसा? आजोबांनी फळीवर साडेपस्तीस सेंटिमीटर अंतराने दोन खिळे ठोकले, त्यांना ६३ सेंटिमीटर दोऱ्याची टोके बांधली आणि दोरा ताणून पेन्सिल फिरवली. मुलगा बघतच राहिला.

भिंतीसाठी पिझ्झाच्या खोक्यांचा पुठ्ठा घेतला. त्याच्या पोटातल्या नळ्या उभ्या ठेवल्या तरच तो नीट वळतो. पहिली भिंत आडवी कापली गेली आणि मोडली. पुढे तीन मजले, प्रत्येकी ८० कमानी, एकूण २४०! चौथ्या मजल्याला फक्त खिडक्या. तळाच्या ८० दारांपैकी ७६ वर आकडे कोरलेले असत, प्रेक्षकाने आपले दार ओळखावे म्हणून. ते आकडे मुलाने भिंगातून बघत लिहिले.

मग वाद झाला. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली. "आज जसे दिसते तसेच करायचे," नातू म्हणाला. आजोबा म्हणाले, "अरे, रायगडसुद्धा आज पडकाच आहे. दिवाळीत आम्ही किल्ला करायचो, तो कधी पडका केला का? सिंहासनावर महाराज बसवायचो." "पण आजोबा, तुम्ही खोटं दाखवत होता!" आजोबा दुखावले. त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत, असे घरच्या सूनबाईंनी मला सांगितले.

सकाळी नातवानेच तोड काढली. दक्षिणेची भिंत वेगळी कापली, काढता-घालता येईल अशी. घातली की इ. स. ८०, काढली की १३४९ नंतरचे.

शाळेच्या दिवशी गडबडीत तो तुकडा घरीच राहिला. आजोबा तो वर्तमानपत्रात गुंडाळून, थंडीत, पायी शाळेत घेऊन गेले.